आधी सोपं, मग अवघड

शुक्रवार उजाडला की कातरबाईला सकाळपासून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. संध्याकाळी भावजयीचा फोन यायचा आणि त्या फोनसाठी ती आठवडाभर जीव धरून असायची. "ताई, हिरवा बाण आला! बांबूची फ्री थ्रो परत वाढली!" भावजय एवढ्या मोठ्याने ओरडायची की फोन कानापासून लांब धरावा लागे. "वा गं वा," कातरबाई म्हणायची, "मी म्हटलं नव्हतं? तुझ्या हाताला गुण आहे." आणि फोन ठेवून एकटीच खुदुखुदु हसायची. कारण बांबूची फ्री थ्रो वाढत जाणं म्हणजे बांबूचं वाटोळं होत जाणं, हे त्या दोघींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही काय भानगड. बांबू हा खरा माणूस नव्हे. तो एका ऑनलाइन खेळातला बास्केटबॉलचा खेळाडू. या खेळात आपण चेंडूला हात लावायचा नाही. आपण क्लबचे मालक. सामने कॉम्प्युटर खेळवतो. आपण फक्त टीम निवडायची आणि सरावात काय शिकवायचं ते ठरवायचं. एका आठवड्यात एकच गोष्ट शिकवता येते. पास शिकवा, नाहीतर बचाव शिकवा, नाहीतर लांबून नेम धरणं शिकवा. शुक्रवारी निकाल लागतो. जो शिकला त्याच्यापुढे हिरवा बाण. जगभरची शहाणीसुरती माणसं हा खेळ खेळतात आणि त्यापायी रडतात, भांडतात, एकमेकांशी अबोला धरतात.

खेळातली खरी मेख वेगळीच आहे. प्रत्येक खेळाडूची एक टाकी असते. टाकी म्हणजे तो उभ्या जन्मात एकूण किती शिकणार त्याची मर्यादा. ती भरली की संपलं, मग डोकं आपटा नाहीतर काही करा, बाण म्हणून येत नाही. टाकीत काय भरायचं ते मालकाने ठरवायचं, पण एकदा भरलेलं परत उपसता येत नाही. त्यातून उंच पोरांचं आणखी त्रांगडं. रिबाउंड, म्हणजे टोपलीवरून उसळलेला चेंडू पकडणं काय, टोपलीखालचा बचाव काय, उंच पोरगा पुढे कधीही शिकतो. पण चेंडू हाताळणं आणि पास देणं त्याला कोवळ्या वयातच शिकवावं लागतं. तेही त्याला बुटक्यांच्या जागी खेळवून. तिथे तो धडपडतो, टीम हरते, लोक हसतात, आणि महिनोन् महिने एक बाण दिसत नाही. जाणते मालक दातओठ खाऊन ते सोसतात. अवघड आधी उरकायचं, सोपं मागे ठेवायचं. फ्री थ्रो, म्हणजे कुणी आडवं नसताना उभ्याउभ्या टोपलीत चेंडू टाकणं, असला फुकटचा माल तर टाकीत घालायचाच नाही.

कातरबाई जाणत्यांतली जाणती होती.

एरवी ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर रचायचे, वर आखलेला कागद पसरायचा आणि विजेचं कटर त्या थरांतून फिरवायचं. गळे आणि काखा मात्र हातातल्या मोठ्या कात्रीने. एक काप वाकडा गेला की ढीगभर शर्ट बाद. तिच्या हातून कधी गेला नाही. कारखान्याचे मास्तर नवीन पोरींना तिच्या टेबलाशी आणून उभं करायचे आणि म्हणायचे, "हा हात बघा." तिला कातरबाई हे नाव कात्रीवरून पडलं की जिभेवरून, यावर मात्र कारखान्यात दोन तट होते.

लग्न तिने केलं नाही. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला तिने वाढवलं, शिकवलं, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लावलं. हा खेळही त्यानेच घरात आणला. रविवारी दुपारी बहीण-भाऊ शेजारीशेजारी बसायचे, आपापले क्लब उघडून, चहा गार होईपर्यंत वाद घालत. "ताई, त्याला आत्ता नको बचाव शिकवूस." "गप रे, तुला काय कळतंय!" तिला विचाराल तर आयुष्यात सुखाच्या म्हणाव्यात अशा त्याच दुपारी.

मग भावाचं लग्न झालं, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला आणि त्याचं खेळातलं लक्ष उडालं. क्लब त्याने बायकोच्या गळ्यात घातला. "तूच बघ आता, मला वेळ नाही." बायको फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करायचं तिचं काम, आणि बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक क्लबाला नवी पोरं मिळतात, त्यात तिला बांबू मिळाला. ताडासारखा उंच, आणि टाकी एवढी मोठी की देशाच्या ज्युनियर टीममध्ये सरळ जाऊन बसेल. असा पोरगा मिळावा म्हणून कातरबाई वर्षानुवर्षं वाट बघत होती. तिच्या पदरी दर हंगामाला नुसता कचरा.

"ताई जन्मभर वाट बघत राहिली आणि हिला बसल्या जागी मिळालं!" भाऊ हसत म्हणाला. "नशीब काढलं बुवा माझ्या बायकोने."

त्याच्या मनात काही नव्हतं, तो बोलून विसरूनही गेला. पण कातरबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. भाऊ गेला, रविवार गेला, आता हेही हिलाच? आणि हिला कळतं तरी का काय मिळालंय ते? द्वेष म्हणतात तो हाच. ती त्याला द्वेष म्हणत नव्हती, ती त्याला न्याय म्हणत होती.

आणि नेमकी भावजयच तिच्याकडे आली. घरात शिरताना चपला नीट जोडून ठेवायची, पाण्याचा पेला स्वतः घ्यायची, तिच्याबद्दल तक्रारीला जागाच नसायची; कातरबाईला त्याचाही राग यायचा. "ताई, मला यातलं काही कळत नाही," भावजय म्हणाली. "तुम्ही सांगाल तस्सं करते. बांबूला आधी काय शिकवू?"

कातरबाईने क्षणभरही विचार केला नाही, इतकं ते तयार होतं. "फ्री थ्रो. मग उडी मारून चेंडू अडवणं. मग लांबून नेम. आधी सोपं, मग अवघड. पटापट बाण येतात, पोराला हुरूप चढतो."

"आणि ते पास वगैरे? लोक म्हणतात ते लहान वयातच शिकवावं. आमच्या कामातही तसंच असतं हो ताई, वेळ निघून गेली की सांधा ऐकत नाही."

"माणसाचं वेगळं, खेळातलं वेगळं. लोकांचं ऐकायचं असेल तर माझ्याकडे कशाला आलीस?"

"नाही नाही, तसं नाही!" भावजय घाबरून म्हणाली. "तुम्ही म्हणाल तेच."

झालं. भावजयीने ते तंतोतंत केलं. क्लिनिकमधून दमून आली तरी बांबूला त्या आठवड्याच्या सरावाला लागणाऱ्या जागी खेळवल्याशिवाय ती झोपत नव्हती. क्लिनिकमधल्या मैत्रिणींना तिने बांबूचं कौतुक सांगून सांगून पिडलं. "माझा मुलगा देशाकडून खेळणार," म्हणायची, आणि मग लाजायची, कारण लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं आणि लोक दुसराच अर्थ काढायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून काहीतरी मोठं घडतंय असं तिला वाटत होतं. कातरबाई ते बघत होती आणि दर शुक्रवारी म्हणत होती, वा गं वा. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते इतकं सावकाश कुणी केलं नसेल.

अशात एके सकाळी कारखान्याच्या ओल्या पायरीवरून कातरबाईचा पाय घसरला. आधाराला उजवा हात पुढे गेला आणि मनगटात कडकन वाजलं.

प्लास्टर घातलं. मास्तर घरी येऊन गेले, म्हणाले, "बाई, तुमचं टेबल तुमचंच आहे. हात बरा करून या. पण हात पहिल्यासारखा हवा हं, हे काम अर्ध्या हाताचं नाही." ते गेल्यावर कातरबाई प्लास्टरमधून बाहेर आलेल्या आपल्या सुजक्या बोटांकडे बघत बसली. तिला दुसरं काही येत नव्हतं. हात गेला तर ती कोण?

"काही काळजी करू नका ताई," भावजय म्हणाली. "प्लास्टर निघालं की रोज संध्याकाळी मी येईन. मनगटाचंच तर काम करते मी. कात्री तुमच्या हातात परत दिल्याशिवाय सोडणार नाही." आणि ती भांडी घासायला लागली, कारण कातरबाईला एका हाताने घासता येत नव्हती.

प्लास्टर निघायच्या आधी, एका संध्याकाळी भावजय आली ती फोन हातात धरूनच. चेहरा पडलेला. दोन शुक्रवार बाण आला नव्हता. देशाच्या ज्युनियर टीमची निवड या खेळातलाच कुणीतरी करतो, मालकांनी मतं देऊन निवडलेला; त्याला तिने बांबूची सगळी माहिती पाठवली होती. त्याचं उत्तर आलं होतं. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. खेळाडूची टाकी भरली आहे. त्याला चेंडू धरता येत नाही, पास देता येत नाही, आणि आता कधीच येणार नाही. असा पोरगा वाया गेला याचं वाईट वाटतं. शेवटचं वाक्य असं होतं: याला ज्याने घडवलं त्याला एकतर हा खेळ अजिबात कळत नाही, नाहीतर फारच चांगला कळतो.

"म्हणजे काय हो, ताई?" भावजयीने विचारलं.

कातरबाई फणकारली. "शिष्ट आहे मेला. त्याच्या ओळखीच्या कुणाला तरी घ्यायचं असेल."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. मग हलकंच हसली. "असू दे. माझंच काहीतरी चुकलं असणार." फोन पर्समध्ये टाकला आणि भांड्यांकडे वळली.

ते हसू कातरबाईच्या डोक्यात जाऊन बसलं. हिला कळलंय, ती मनाशी म्हणाली. कळल्याशिवाय कुणी असं हसतं का? मी असते तर काय केलं असतं? आकांडतांडव केलं नसतं. गप्प बसले असते. हसले असते. आणि वेळेची वाट बघितली असती.

दोन दिवसांनी प्लास्टर निघालं. आतला हात बघवत नव्हता. बारीक, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. संध्याकाळी भावजय समोर बसली, तो हात आपल्या मांडीवरच्या उशीवर घेतला आणि म्हणाली, "आधी बोटं. मूठ मिटायची, उघडायची. मग अंगठा प्रत्येक बोटाला लावायचा. खांदा फिरवायचा. मनगट फक्त हळूहळू, दुखेल न दुखेल इतकंच. वजन बिलकुल उचलायचं नाही."

"आणि कात्री?" कातरबाईने विचारलं. "मला बोटं हलवायची नाहीत, मला जोर हवाय मनगटात."

"जोर नंतर." भावजय खुदकन हसली. "आधी सोपं, मग अवघड! तुम्हीच तर शिकवलंत मला."

बस्स. त्या बाईने लाडाने, थट्टेने म्हटलेलं वाक्य कातरबाईच्या कानात विषासारखं उतरलं. माझाच डाव माझ्यावर! फ्री थ्रो शिकवतेय मला! सोप्या सोप्या हालचाली करवून दिवस घालवायचे, सगळ्यांना दाखवायचं की बघा, बोटं हलतात, बघा, सुधारणा आहे, आणि मनगट मात्र ताठू द्यायचं. वेळ निघून गेली की सांधा ऐकत नाही, हे हिनेच नव्हतं का सांगितलं? अरे वा, म्हणजे बाई शिकली की!

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याला हे सुचलंही नसतं. त्याने मुकाट मूठ मिटली असती आणि उघडली असती. पण दुसऱ्याचं वाटोळं ज्याने आठवडा आठवडा करून केलंय, त्याला मदतीचा हातही ओळखू येत नाही.

कातरबाईने तोंडाने "बरं" म्हटलं आणि ठरवलं, ही सांगेल त्याच्या उलट करायचं. सोपं सोडायचं, अवघड धरायचं. सकाळी दार लावून घेऊन ती लोखंडी इस्त्री उजव्या हाताने उचलायची. कळ मस्तकात जायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी उचलायची. पंजा टेबलाच्या कडेवर ठेवून वरून डाव्या हाताने दाबायची. बोटांचे व्यायाम? केलेच नाहीत. "केले ना?" भावजय विचारायची. "रोज करते," ती सांगायची.

हात टम्म सुजला. कातडी लाल, चकचकीत, नुसता पदर लागला तरी आग. भावजयीने हात बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "असं व्हायला नको होतं. ताई, जोर नाही ना दिला कशावर?"

"तू सांगितलंस तेवढंच केलं."

"मग माझंच जास्त होतंय. आपण आणखी कमी करू. नुसती बोटं. आणि मी डॉक्टरांना विचारू का? उद्याच जाऊ."

"कशाला? माझा तुझ्यावर विश्वास आहे," कातरबाई म्हणाली, आणि मनात म्हणाली, बघा, आणखी कमी! म्हणजे डाव पक्का. डॉक्टर तरी कुणाचा? हिच्याच इमारतीतला.

पण दुखणं सोसवेना तेव्हा इस्त्री सुटली. मग तिने पट्टा धरला. प्लास्टर निघाल्यावर प्रवासापुरता म्हणून दिलेला मनगटाचा कडक पट्टा. भावजयीने बजावलं होतं की घरात काढून ठेवायचा, नाहीतर सांधा आखडेल. म्हणजे घालायचा, असा सरळ हिशेब. भावजय यायच्या वेळेला ती तो काढून गादीखाली सरकवायची, भावजय गेली की पुन्हा आवळायची. भावजय रोज यायची. उशीवर हात घ्यायची, एकेक बोट हातात धरून इतक्या हळुवार हलवायची की तिच्याच कपाळावर घाम यायचा. "आज जरासं मोकळं वाटतंय ना?" विचारायची. "हो, वाटतंय," कातरबाई सांगायची आणि दात आवळून बोटं आतून ताठ धरायची, म्हणजे हिच्या हातून काही होऊ नये.

शेवटी भावानेच धरून नेलं. हाडांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मनगट वाकवून बघितलं, ते वाकलं नाही. "मूठ मिटा," म्हणाले. बोटं अर्ध्यात येऊन थांबली. डॉक्टरांनी भावजयीला विचारलं, कुठले व्यायाम दिलेत, कधीपासून, कुठल्या क्रमाने. तिने सांगितलं. ती एकेक सांगत गेली आणि डॉक्टर एकेकाला मान डोलावत गेले. बोटं आधी, बरोबर. वजन नाही, बरोबर. पट्टा घरात नाही, अगदी बरोबर. "मीही हेच दिलं असतं," म्हणाले. "या क्रमाने गेलं तर असा हात सहसा पूर्ववत होतो."

कातरबाई ऐकत होती. खोली होती तिथेच होती, पंखा फिरत होता, आणि तिला एकाएकी खूप थंडी वाजली. हिला काहीच कळलेलं नव्हतं. ते हसू नुसतं हसू होतं.

"तुम्ही रोज केलेत ना?" डॉक्टरांनी विचारलं. "सांगितलं तसं?"

भावजय समोर उभी होती. भाऊ दाराशी होता. केले नाहीत म्हटलं तर का नाही केले ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर बांबूपासून सांगावं लागणार.

"रोज केले," कातरबाई म्हणाली. "सांगितलं तसेच."

डॉक्टरांनी खांदे उडवले. "मग करवून घेताना कुठेतरी जोर जास्त झाला असेल," असं म्हणाले आणि भावजयीकडे न बघता हात धुवायला उठले. "आता आहे हे असं आहे. थोडंफार सुटेल. जड कात्री विसरा."

भावाने घरी पोचेपर्यंतही धीर धरला नाही. "माझ्या बहिणीचा हात घालवलास तू!" तो रस्त्यात बायकोवर ओरडला, येणारेजाणारे थांबून बघायला लागले. "परक्या लोकांचे हात बरे करतेस आणि घरच्या माणसाचा मोडून ठेवलास? तिने जन्म घातला माझ्यासाठी या हातावर!" भावजय रडत होती, पण आवाज न करता, पर्स पोटाशी घट्ट धरून. कातरबाईला तोंड उघडायला तो केवढा तरी रस्ता होता. तिने उघडलंही.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "मुद्दाम का केलंय तिने? माझं काही म्हणणं नाही. मी माफ केलं तिला."

भाऊ गहिवरला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "बघ, मन किती मोठं आहे ताईचं." भावजयीने तिचा तो सुजका हात दोन्ही हातांत धरला आणि तिला तिथेच हुंदका फुटला. कातरबाईला कळ आली, पण तिने हात काढून घेतला नाही.

मास्तर शब्दाला जागले. कामावरून काढलं नाही. धागे कापायला बसवलं. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे छोट्या चिमट्याएवढ्या कात्रीने कापायचे, नवीन लागलेल्या पोरींच्या रांगेत बसून, डाव्या हाताने. तिच्या टेबलावर आता दुसरी बाई होती आणि मास्तर पोरींना तिथे नेऊन म्हणायचे, "हा हात बघा." पहिल्या दिवशी शेजारच्या पोरीने निरागसपणे विचारलं, "मावशी, तुम्ही नवीन का?"

नवा हंगाम सुरू झाला त्या रविवारी भावजय आली. चपला जोडून ठेवल्या, पाणी स्वतः घेतलं, चहा केला. मग सांगितलं की तिने क्लिनिकमधलं काम बदलून मागितलं. आता ती बाहेरच्या काउंटरवर बसते, पेशंटना वेळा देते, फोन घेते.

"का गं?" कातरबाईने विचारलं.

"परवा एक आजोबा आले, मनगट मोडलेले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि माझेच हात कापायला लागले. ते म्हणाले, पोरी, तुला बरं नाही का?" तिने पदराने नाक पुसलं. "नाही जमत आता."

कातरबाईने विषय बदलला. नवी पोरं आली का क्लबात, असं विचारलं. आली, भावजय म्हणाली. एक खूप उंच आहे, बांबूपेक्षाही. टाकीही मोठी.

आणि मग काय झालं कोण जाणे, कातरबाई बोलायला लागली. खरं बोलायला लागली. फ्री थ्रोला हात लावू नकोस. पहिले दोन हंगाम नुसतं चेंडू हाताळणं आणि पास. बुटक्यांच्या जागी खेळव, हरशील, हरू दे. बाण येणार नाहीत, घाबरू नकोस. मग बाहेरचा बचाव, आणि रिबाउंड सगळ्यात शेवटी. इतक्या वर्षांत जे काही ती शिकली होती, भावालासुद्धा सांगितलं नव्हतं, ते सगळं तिने घाईघाईने सांगून टाकलं, कुणीतरी मागे लागल्यासारखं.

भावजयीने ऐकून घेतलं. हे आधी सांगितलं होतं त्याच्या उलट आहे, हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही. ती क्रम ऐकतच नव्हती. "नको ताई," ती म्हणाली. "त्याला मी सकाळीच सोडून दिलं. कुणीतरी चांगला मालक घेईल. तुमच्यासारखी शिकवणारी पाठीशी असून बांबू माझ्या हातून वाया गेला. तुमचा हात वाया गेला. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. मी आता कुणाला काही शिकवणार नाही."

"तुझ्या हातात काही खोट नाही," कातरबाई एकदम म्हणाली.

भावजयीने मान वर केली. बुडणाऱ्याला काठ दिसावा तशी ती कातरबाईच्या तोंडाकडे बघायला लागली. "खरंच ताई? मग कसं झालं हो असं? तुम्हाला काय वाटतं? सांगा ना."

तिला फक्त एक वाक्य हवं होतं. आणि ते वाक्य या जगात एकाच माणसाजवळ होतं. कातरबाईला भाऊ दिसला, भर रस्त्यात ओरडणारा. आपल्याला मोठ्या मनाची म्हणणारा. दर रविवारी आता तो पुन्हा यायला लागला होता, ताईचा हात गेला म्हणून.

"होतं असं कधी कधी," ती म्हणाली.

भावजय आणखी थोडा वेळ वाट बघत थांबली. मग मान हलवली, रिकामे कप उचलले आणि विसळायला आत गेली.